लांब वैद्यकीय शब्द कुठे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. चौथीपर्यंत ती मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजीतून शिकली आणि आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘गॅस्ट्रोएन्टरायटिस, कोलेसिस्टेक्टमी असे शब्द मोठ्याने वाचताना मी अडखळते. डिक्शनरीत शब्दाच्या मध्ये टिंबं दिलेली असतात, तिथे तोडून वाचलं तरी मॅडम चुकलं म्हणतात. मग तोडायचं कुठे? शिवाय वॉर्डात सिस्टर एक उच्चार करतात आणि डॉक्टर दुसरा. खरा कुठला?’

वॉर्डात काम करून मग शिकवण्याकडे वळलेली मी बाई आहे. हा प्रश्न दरवर्षी वर्गात असतो, पण तो विचारायचं धाडस फार थोड्या मुली करतात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या टिंबांचं सांगते. डिक्शनरीतल्या मूळ नोंदीत दिसणारी टिंबं बहुतेक वेळा उच्चारासाठी नसतातच. छापताना ओळ संपली आणि शब्द अर्धा राहिला, तर तो कुठे तोडून खालच्या ओळीवर न्यायचा, एवढंच ती सांगतात. ओळीच्या शेवटी एकटं अक्षर ठेवायचं नाही असा छपाईचा दंडक आहे. म्हणून ॲनिमियाच्या अमेरिकी स्पेलिंगमध्ये, म्हणजे ए-एन-ई-एम-आय-ए मध्ये, पहिल्या ए नंतर टिंब मिळणार नाही. थेट ई नंतर मिळेल. उच्चारात मात्र तुकडे चार आहेत: अ-′नी-मि-अ. तेव्हा उच्चार हवा असेल तर टिंबं सोडून दे आणि त्यापुढे तिरप्या रेघांमध्ये किंवा कंसात दिलेला उच्चार बघ. (ज्या तुकड्यावर जोर येतो त्याच्या आधी मी ′ अशी खूण करते. पुष्कळ डिक्शनऱ्यांतही खूण तशीच, तुकड्याच्या आधी असते. पुष्कळ मुली ती मागच्या तुकड्याची समजतात आणि तिथेच चुकतात.)

आता तोडायचं कुठे? हे तुला शाळेत शिकवलेलं आहे, फक्त मराठीच्या तासाला. वृत्तं आठवतात? लघु-गुरु लावताना नियम होता: जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरु. ‘पुष्प’ लिहिताना ष् आणि प एकत्र दिसतात, पण तोंडात होतं पुष्-प. ‘भक्त’ होतं भक्-त. देवनागरी जोडाक्षर पुढच्या अक्षरात बांधते, जीभ मात्र त्यातला पहिला व्यंजनाचा भाग मागच्या अक्षराला देऊन टाकते. मराठीत वाढलेली मुलगी ‘गॅस्ट्रो’ वाचते तेव्हा डोळ्यांना गॅ आणि स्ट्रो असे दोन ठसे दिसतात, आणि मग ‘स्ट्रो’वर अडखळायला होतं. ते गॅस्-ट्रो म्हण. तसंच सिस्-टेक्-ट-मी, अप्-पेन् नव्हे तर अ-′पेन्-डिक्स, डर्-म-′टाय्-टिस. जोडाक्षर दिसलं की ते फोडायचं, हा पहिला हात. निम्म्या शब्दांची भीती इथेच संपते.

पण शब्द नीट तोडूनही समोरच्याला कळत नाही, कारण जोर चुकीच्या तुकड्यावर पडतो. मराठीत जोर इकडेतिकडे झाला तरी अर्थ बिघडत नाही. सगळी अक्षरं आपण साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत प्रत्येक लांब शब्दाला एक मुख्य जोराची जागा असते आणि ऐकणारा तीच जागा धरून शब्द ओळखतो. बाकीचे तुकडे थोडे पुसट झाले तरी चालतं. जोर हलला की ओळखीचा शब्दही अनोळखी होतो.

हा जोर कुठे द्यायचा याचा नियमही लघु-गुरूचाच आहे. वैद्यकीय शब्द मुळात ग्रीक आणि लॅटिन, आणि जोराची जागा त्यांनी लॅटिनकडून घेतली. लॅटिनचा नियम असा: शेवटून दुसरा तुकडा गुरु असेल तर जोर त्याच्यावर, तो लघु असेल तर जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. गुरु म्हणजे आपल्यासारखंच: दीर्घ स्वर असलेला, किंवा पुढे जोडाक्षर आल्यामुळे बंद झालेला.

लावून बघ. प्लासेंटा: सेन् बंद झालेला, म्हणून गुरु, म्हणून प्ल-′सेन्-ट. मेडुला: मि-′ड-ल, लॅटिनमध्ये तिथे एल दोनदा आहे, म्हणून गुरु. ॲनाफिलॅक्सिस: एक्स म्हणजे क्स, म्हणजे जोडाक्षरच, म्हणून ॲ-न-फि-′लॅक्-सिस. अन्ननलिका म्हणजे इसोफेगस: शेवटून दुसरा तुकडा ऱ्हस्व आणि उघडा, म्हणून जोर एक घर मागे जातो, इ-′सॉ-फ-गस. मणक्याचा व्हर्टिब्रा: ′वर्-टि-ब्र. इथे संस्कृत वृत्ताप्रमाणे ब्र मुळे टि गुरु व्हायला हवा होता, पण व्यंजनानंतर र किंवा ल आला तर लॅटिन बहुधा त्याला जोडाक्षर धरत नाही. आपल्या आणि त्यांच्या हिशेबातला हा एक फरक लक्षात ठेव.

अडचण एकच उरते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये स्वर ऱ्हस्व की दीर्घ ते दिसत नाही. आय हे अक्षर ‘इ’ ही असू शकतं आणि ‘आय’ ही. त्याला उपाय असा की शब्दाची शेपटी ओळखायची. शेपट्या मोजक्याच आहेत आणि त्यांचे स्वर ठरलेले आहेत. दाह सांगणारी -आयटिस: आय दीर्घ, जोर तिथेच. अ-पेन्-डि-′साय्-टिस, हे-प-′टाय्-टिस, आर्-′थ्राय्-टिस. स्थिती सांगणारी -ओसिस: ओ दीर्घ, म्हणून ट्यु-बर्-क्यु-′लो-सिस, सि-′रो-सिस. गाठ सांगणारी -ओमा: कार्-सि-′नो-म. रक्ताशी जोडलेली -ईमिया: मि आणि अ हे दोन वेगळे तुकडे मोज, मग जोर शेवटून तिसऱ्या ‘ई’वर, ल्यु-′की-मि-अ. न्यु-′मो-नि-अ तसाच. कमतरतेची -पीनिया, लकव्याची -प्लीजिया, वेदनेची -ॲल्जिया ही सगळी याच चालीची.

दुसरी चाल आहे ती -टमी, -लॉजी, -स्कपी, -ग्रफी, -मिटर, -पथी, -लिसिस, -मेगली यांची. यांचा शेवटून दुसरा तुकडा ऱ्हस्व, म्हणून जोर त्याच्या आधी. अ-पेन्-′डेक्-ट-मी. एन्-′डॉस्-क-पी. न्यु-′रॉ-प-थी. हे-प-टो-′मे-ग-ली. डाय-′ॲ-लि-सिस. हा शेवटचा शब्द आपण सर्रास ‘डायलिसिस’ असा तीन तुकड्यांत म्हणतो आणि मधला ॲ, ज्याच्यावर सगळा जोर आहे, तोच गिळून टाकतो. मराठी बोलताना खुशाल डायलिसिस म्हण, तो आता मराठी शब्द झाला आहे. इंग्रजीतून हँडओव्हर देताना मात्र चारही तुकडे यायला हवेत.

थर्मोमीटर आणि ग्लुकोमीटर यांचंही तसंच. मोजायचं उपकरण असेल तर थर्-′मॉ-मि-टर, ग्लु-′कॉ-मि-टर. मोजायचं एकक असेल तर ′सेन्-टि-मी-टर. आपण बीपी बघायला रोज हातात घेतो त्या यंत्राचं पूर्ण नाव विद्यार्थिनींना फार छळतं, पण तेही याच नियमातलं आहे: स्फिग्-मो-म-′नॉ-मि-टर.

या नियमाला न जुमानणाऱ्या शेपट्याही आहेत. -इक असेल तर जोर जवळजवळ नेहमी त्याच्या लगेच आधी: डाय-अ-′बे-टिक, पॅ-र-′लि-टिक. -ग्रॅम आणि -प्लास्टी स्वतःकडे जोर घेत नाहीत, तो खूप मागे जातो: इ-लेक्-ट्रो-′कार्-डि-ओ-ग्रॅम, ′ॲन्-जि-ओ-प्लास्-टी. यांची सवय कानानेच होते.

यातून एक गोष्ट घडते, ती समजून घे. शेपटी बदलली की जोर हलतो आणि जोर हलला की आतले स्वरही बदलतात. मायक्रोस्कोप हा शब्द तू शाळेपासून म्हणतेस: ′माय-क्रो-स्कोप. त्याला -ई लागला की माय-′क्रॉस्-क-पी. आधीचा ‘क्रो’ आता ‘क्रॉस्’ झाला आणि ‘स्कोप’मधला ठणठणीत ओ बारीक होऊन नुसता अ उरला. म्हणून ‘मायक्रोस्कोप अधिक ई’ अशी बेरीज करून उच्चार येत नाही. जोर गेलेल्या तुकड्यातला स्वर इंग्रजीत बहुधा आपल्या ‘अ’च्या जवळ येतो, स्पेलिंगमध्ये तिथे ए असो, ओ असो की ई. आपल्या वर्णमालेचा पहिला स्वरच आपल्या मदतीला आहे, पण मुली तो वापरत नाहीत. ओ दिसला की ‘टॉमी’ म्हणतात, ए दिसला की ‘ॲ’. एक्-ट-मी म्हण, टॉमी नको.

आता कोलेसिस्टेक्टमी. इथे दोन प्रकारचे तोड लागतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. अर्थासाठी तोडलंस तर कोल म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं: पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. उच्चारासाठी तोडलंस तर कॉ-लि-सिस्-′टेक्-ट-मी. बघ, सिस्टचा ट अर्थाने पिशवीचा आहे, पण तोंडात तो पुढच्या तुकड्यात गेला. नेफ्रेक्टमीचंही तेच: अर्थ नेफ्र अधिक एक्टमी, उच्चार नि-′फ्रेक्-ट-मी. वहीत मी दोन ओळी करायला सांगते. वरच्या ओळीत अर्थाचे तुकडे, खालच्या ओळीत तोंडाचे. वरची ओळ पेपरात मार्क देते, खालची ओळ वॉर्डात उपयोगी पडते.

सरावाची पद्धत मी एकच सांगेन. शब्द पुढून वाचू नको, मागून बांधत ये. टिस. ′राय्-टिस. ट-′राय्-टिस. एन्-ट-′राय्-टिस. गॅस्-ट्रो-एन्-ट-′राय्-टिस. पुढून सुरुवात केली की पहिल्या तुकड्यांवर सगळा दम खर्च होतो आणि जोराच्या जागेपर्यंत पोचेतो आवाज मावळतो. मागून आलीस की जोराची जागा पहिल्यांदाच पक्की होते आणि पुढे कितीही तुकडे लागले तरी ती हलत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे हमखास येणारा लेप्टोस्पायरोसिस असाच म्हणून बघ: सिस, ′रो-सिस, स्पाय-′रो-सिस, लेप्-टो-स्पाय-′रो-सिस. डिचोली, सांगे, सत्तरीच्या खाणपट्ट्याशी नातं असलेल्यांना माहीत हवा तो न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, त्याची चाल तीच: न्यू-मो-को-नि-′ओ-सिस. लोखंडाच्या धुळीचा सि-ड-′रो-सिस, सिलिकाच्या धुळीचा सि-लि-′को-सिस. इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द म्हणून मोबाइलवर फिरतो तो ४५ अक्षरांचा शब्द याच कुळातला आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने तो मुद्दाम लांब म्हणून घडवला. रुग्णाच्या केसपेपरवर तो येत नाही, पाठ करण्यात वेळ घालवू नको.

न बोलणाऱ्या अक्षरांबद्दल थोडक्यात. पीएन, पीएस, पीटी शब्दाच्या सुरुवातीला आले तर पी गप्प: न्युमोनिया, सायकिअ‍ॅट्री, टोसिस. हेच मध्ये आले तर बहुधा पी बोलतो, कारण तिथे त्याला मागचा तुकडा आधाराला मिळतो: ॲप्-नि-अ, हि-′मॉप्-टि-सिस, डिस्प्-′नी-अ. तोच नियम, जोडाक्षर फोडण्याचा. पी गप्प बसणं ही इंग्रजीची सवय आहे. पोर्तुगीजमध्ये आणि जर्मनमध्ये न्युमोनियाचा पी अजूनही स्पष्ट म्हणतात. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत शिक्षण पोर्तुगीजमधून होतं, म्हणजे हे ग्रीक-लॅटिन शब्द गोव्यात आधी त्या उच्चारांनी आले. तेव्हा पी उच्चारला म्हणून कोणी अडाणी ठरत नाही. फक्त इंग्रजीत बोलताना इंग्रजीची रीत पाळायची.

जी आणि सी यांच्यापुढे ई, आय, वाय आलं तर ज आणि स, नाहीतर ग आणि क. म्हणून स्वरयंत्राचा लॅ-रिन्-′जाय्-टिस, पण लॅ-रिं-′गॉ-ल-जी. इ-′सॉ-फ-गस, पण इ-सॉ-फ-′जी-अल. गायनॅकॉलॉजी हा ठळक अपवाद. सीएच ग्रीक शब्दांत क असतो: क्रॉनिक, ब्राँकायटिस, कीमोथेरपी.

आता ज्याच्यासाठी हे सगळं करायचं ते. वॉर्डात जवळजवळ सारखे ऐकू येणारे शब्द रोज असतात. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. ब्रिटिश उच्चारात हायपरचा र शेवटी विरघळतो. तू तसं करू नको. आपला मराठी र खणखणीत आहे, तो तसाच ठेव, हायपोग्लायसीमिया (रक्तातली साखर कमी होणं) आणि हायपरग्लायसीमिया (ती वाढणं) यांच्यात तोच रुग्णाला वाचवतो. कोलेक्टमी, कोलॉस्टमी, कोलॉटमी: मोठं आतडं काढणं, त्याला पोटावर तोंड करून देणं, ते नुसतं उघडणं. तिन्हींत फरक फक्त जोराच्या तुकड्यात आणि त्याच्या लगेच नंतर आहे, म्हणून तो भाग घाईत गिळायचा नाही. पेरोनिअल हा पायातला, पेरिनिअल हा गुदद्वार आणि जननेंद्रियांच्या मधल्या भागाचा. जोर दोन्हींत ‘नी’वर, आणि फरक असलेला स्वर नेमका पुसट. शरीररचनेच्या आंतरराष्ट्रीय नामावलीत पेरोनिअलऐवजी फिब्युलर हा शब्द आता पुढे ठेवला आहे, तोच वापर. आतड्याचा इलिअम आणि कमरेच्या हाडाचा इलिअम यांचा उच्चार तर एकच आहे. तिथे ‘बॉवेल’ किंवा ‘बोन’ जोडून सांगायचं.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवणाऱ्या मुलींनी आणखी एक जपावं. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्यात बिघाड. आपल्या लिपीत ‘जीव’मधला ज आणि ‘जावई’मधला ज एकाच अक्षराने लिहितात, म्हणून वहीत दोन्ही शब्द ‘डिस्फेजिया’ होऊन बसतात. पहिल्यात ‘जीव’चा ज हवा, दुसऱ्यातला आवाज ‘जावई’च्या ज जवळचा. वहीत ज खाली टिंब देऊन दुसरा वेगळा कर.

औषधांमध्ये जोर फार कामाचा आहे. ′डो-प-मीन आणि डो-′ब्यु-ट-मीन. ′प्रेड्-नि-सोन आणि प्रेड्-′नि-स-लोन. सगळे तुकडे एका वजनाने म्हटले तर फोनवर हे शब्द एकमेकांत मिसळतात, जोर बरोबर असेल तर नाही. आकड्यांचंही तसंच: फिफ्-′टीन आणि ′फिफ्-टी. डोस सांगताना ‘वन फाइव्ह’, ‘फाइव्ह झीरो’ असे सुटे आकडे सांग. आणि तोंडी ऑर्डर घेतलीस तर नाव, डोस, मार्ग परत म्हणून दाखव आणि समोरून ‘हो’ येईपर्यंत थांब. उच्चार कितीही चांगला झाला तरी हे सोडायचं नाही. उच्चार जमत नसेल तर स्पेलिंग सांग. त्यात कमीपणा नाही, रुग्णाच्या दृष्टीने ते जास्त सुरक्षित आहे.

शेवटचा प्रश्न, सिस्टर आणि डॉक्टर वेगळं म्हणतात त्याचा. पुष्कळदा दोघंही बरोबर असतात. ड्युओडिनम हा ड्यु-ओ-′डी-नम ही आहे आणि ड्यु-′ऑ-डि-नम ही. सर्व्हायकल ′सर्-व्हि-कल असा आणि सर्-′व्हाय्-कल असाही डिक्शनरीत मिळेल. हिमोग्लोबिनचा जोर ब्रिटिश लोक ‘ग्लो’वर देतात, अमेरिकी ‘ही’वर. बेंबीचा अंबिलिकस दोन्हीकडे दोन तऱ्हांनी म्हणतात. एक निवड, आणि ज्या वॉर्डात आहेस तिथला चालू उच्चार तोच असेल तर उत्तम. उच्चार तपासायचा तर ज्यात आवाज ऐकता येतो अशी चांगली डिक्शनरी मोबाइलवर ठेव. नुसत्या व्हिडिओंवर विसंबू नको, त्यात यंत्राने वाचलेले चुकीचे उच्चार भरपूर असतात. माणसांच्या आणि गावांच्या नावांना मात्र वरचा कुठलाच नियम लावायचा नाही, ती त्या त्या भाषेतल्यासारखी म्हणायची. तुमच्या सत्तरीत माकडताप म्हणतात त्या आजाराचं इंग्रजी नाव, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, शिमोगा (आता शिवमोग्गा) जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलावरून आलं, १९५७ साली तो तिथे ओळखला गेला. ते कानडी नाव आहे. इंग्रजी पुस्तकातलं स्पेलिंग बघून ‘कॅझॅनर’ करणाऱ्या मुली मी ऐकल्या आहेत. तू क्यासनूरच म्हण, आणि कोणी सुधारायला आलं तरी बदलू नको.

ॲक्सेंटची चिंता करू नको. तुझा ट मराठी राहू दे, थ मराठी राहू दे, देशभरातल्या वॉर्डांत तो कळतो. तुकडे आणि जोर एवढंच नीट कर. रुग्णाशी बोलताना तर यातला एकही शब्द नको. वाळपईहून आलेल्या आजीला ‘पित्ताची पिशवी काढली’ एवढंच सांग, आणि तिला कळलं का ते तिच्याच शब्दांत विचारून घे.